चोपदाराचा दंड आणि टाळांची फिर्याद

गेवराई तालुक्यातील आमच्या उमापूरच्या शिवारात मुलांना पदभ्रमणास नेण्याची ज्यांस हौस आहे, त्यांनी १९०७ साली बालवीर (स्काउट) चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येकीवर त्यांच्यातलाच एक नायक नेमला, तो प्रयोग अवश्य अभ्यासावा. परंतु त्याहून जुना आणि आपल्या अंगणातला दाखला, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा शिरस्ता, दृष्टिआड करू नये.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्या सोहळ्यास शिस्त लावून दिली, त्यात कोणती दिंडी रथापुढे व कोणती मागे, याचा क्रम ठरलेला असतो. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच एवढा अफाट समुदाय निःशब्द होतो. मात्र ज्या दिंडीची काही फिर्याद असेल ती टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदारास तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घ्यावे लागते. हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दीही तेव्हाच दिली जाते. हुकमाने शांतता कोणीही आणील. ती मोडण्याचा रीतसर हक्क अनुयायांस असावा, ही योजना मला विलक्षण वाटते.

मुलांसह गोदाकाठी उतरलो की सायंकाळी मीही काठी उंचावतो. टाळ कुठून आणणार? ज्याची तक्रार असेल त्याने ताटली वाजवावी, असा नियम केला आहे. पहिल्या दिवशी साऱ्याच ताटल्या वाजतात, बहुधा भाजीवरून. दुसऱ्या दिवशी एखादीच वाजते, आणि ती बहुतकरून सर्वांत मागे चालणाऱ्या मुलाची असते.