खांद्यामागचा कॉक
१२ ऑक्टोबर १९९७ची संध्याकाळ. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरावर, किनाऱ्यापासून जवळच, दोन आसनांचं एक छोटं विमान उडत होतं. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर ते एकटेच चालवत होते. किनाऱ्यावरच्या काही लोकांनी इंजिनाचा फटफट आवाज ऐकला, मग तो मंदावला. विमानाचं नाक किंचित वर गेलं, ते झटकन एका अंगावर कललं आणि समुद्रात कोसळलं. डेन्व्हर ५३ वर्षांचे होते.

इंजिन दगावलं की वैमानिक चुकला? छोट्या विमानाच्या प्रत्येक अपघातानंतर हाच प्रश्न विचारला जातो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा या अपघातावरचा अहवाल वाचला, की हा प्रश्नच अपुरा ठरतो.

लाँग-ईझी जातीचं हे विमान डेन्व्हर यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. जुन्या मोटारसायकलला पेट्रोल ‘रिझर्व्ह’वर घेण्याचा कॉक असतो, तसंच त्याचं काम. पण हे विमान घरी बांधलेलं होतं आणि बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. कॉकवर खुणा नव्हत्या. इंधन दाखवणाऱ्या नळ्या मागच्या आसनाकडे होत्या. त्या पाहायला डेन्व्हर यांना एक आरसा देण्यात आला होता. उड्डाणाआधी इंधन भरण्याची विचारणा झाली, पण तासाभरचंच उड्डाण म्हणून त्यांनी नको म्हटलं.

हवेत टाकी बदलायची तर उजवा हात विमान वळवण्याच्या दांड्यावरून काढून, अंग वळवून मागे न्यावा लागे. तपास अधिकाऱ्यांनी तसं करून पाहिलं, तेव्हा वळताना उजवा पाय आपोआप रडरच्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूच्या, पेडलवर दाबला जातो, हे दिसलं. विमान कोसळण्याचं कारण हेच, असं मंडळाने ठरवलं. वैमानिकाचं लक्ष विचलित झालं, इंधन भरलं नव्हतं, ही त्यांची चूक नोंदवली गेली. तिच्याच शेजारी कॉकची जागा, खुणा नसलेल्या नळ्या आणि या जातीच्या विमानाचा तोकडा सराव यांचीही नोंद झाली. डेन्व्हर यांच्या गाठीशी २,७०० तासांहून अधिक उड्डाणं होती. या विमानाची मात्र ओळख नवी होती.

त्यामुळेच नुसतं ‘इंजिन फेल’ म्हणून विषय संपवणं घातक आहे. याच मंडळाने २०१७मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, इंधनाच्या व्यवस्थापनामुळे अमेरिकेत वर्षाला सरासरी ५०हून अधिक अपघात होत होते. त्यातल्या ९५ टक्क्यांमध्ये माणसाचा हात होता. कधी टाक्या कोरड्या पडतात, तर कधी एका टाकीत इंधन शिल्लक असूनही ते इंजिनापर्यंत पोचत नाही. असं थांबलेलं इंजिन उघडून पाहिलं तर ते धडधाकट निघू शकतं.

इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं दुखणं त्याहून फसवं. पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान इतकं उतरतं, की बाहेर २५ अंशांची दमट हवा असली तरी आत बर्फ धरू शकतो. तो वितळवायला गरम हवेची कळ असते. ती वेळेत ओढावी लागते.

इंजिन थांबलं म्हणजे विमान दगडासारखं पडतं, असं नाही. सेसना १७२ सुमारे १,००० फुटांवरून अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. धोका असतो तो उड्डाण घेताच इंजिन गेल्यावर मागे धावपट्टीकडे वळण्याच्या मोहात. ४५ अंश कलून वळताना, उंची राखायची तर, विमानाला तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. वेग त्याखाली गेला की पंखांची उचल तुटते, आणि जमीन जवळ असल्यामुळे सावरायला उंचीच उरत नाही.

बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या वैमानिकांसाठी हाच धडा महत्त्वाचा. प्रशिक्षक हवेत अचानक थ्रॉटल मागे ओढून इंजिनाची शक्ती कमी करतो आणि विद्यार्थ्याने क्रम पाळायचा असतो: आधी नाक खाली करून तरंगण्याचा वेग धरायचा, मग समोर उतरण्याजोगी जागा निवडायची, आणि त्यानंतर टाकीचा कॉक, कार्ब्युरेटरची कळ तपासून इंजिन पुन्हा सुरू होतं का ते पाहायचं.