वेबसाइटच्या तळाशी दुसऱ्याचं नाव : काढायचं कसं आणि आधी काय काढायचं?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आमच्या धारूरची सीताफळं तुम्हाला माहीत असतीलच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आता समजा, इथल्या एखाद्या पोराने ती विकायला स्वस्तातल्या प्लॅनवर वेबसाइट काढली. फोटो झकास, भाव लिहिलेला, पण तळाशी भलत्याच कंपनीचं नाव! मग मला मेसेज येतो, "दादा, ही ओळ घालवायची कशी?"

आधी ती तिथे का असते ते बघू. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. ईमेल फुकट, पण प्रत्येक मेलच्या शेवटी हॉटमेलची एक ओळ जायची. पाठवणारा आपसूक जाहिरात करायचा. वेबसाइटवरही हाच हिशेब आहे. पैसे कमी दिले, तर उरलेली किंमत आपल्या पानावरच्या जागेतून वसूल होते.

पण यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत : जाहिरातीची पट्टी, तळाची ओळ आणि पत्त्यात घुसलेलं कंपनीचं नाव. पैसे भरले की तिन्ही जातात असं समजू नका. विक्सचा 'कनेक्ट डोमेन' नावाचा स्वस्त प्लॅन होता. त्यात स्वतःचा पत्ता जोडता यायचा, जाहिरात मात्र तशीच राहायची. वर्डप्रेस डॉट कॉमवरही तळाची ओळ काढायची सोय बरीच वर्षं महागड्या प्लॅनलाच होती. तिथे कोड टाकून ती लपवणं नियमात बसत नाही, तो उद्योग करू नका.

मग काय करायचं? ब्लॉगर वापरत असाल, तर आधी थीमचा बॅकअप घ्या. मग थीमच्या एचटीएमएलमध्ये 'अ‍ॅट्रिब्यूशन' गॅजेट शोधा. तिथे 'लॉक्ड'पुढे 'ट्रू' असेल, तर 'फॉल्स' करा आणि लेआउटमधून ते काढा. एक रुपया लागत नाही. वर्डप्रेसचं मोफत सॉफ्टवेअर स्वतःच्या होस्टिंगवर टाकलं असेल, तर त्याचं नाव तळाशी ठेवायची सक्ती नाही. त्याच्या जीपीएल परवान्यात तशी अटच नाही.

आता माझं मत. बजेट थोडं असेल, तर तळाच्या ओळीवर ते घालवू नका. आधी पत्ता स्वतःचा करा. गुगलने बिझनेस प्रोफाइलवर बनलेल्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ते जुने पत्ते १० जूनपर्यंतच गिऱ्हाइकाला प्रोफाइलवर नेत होते, नंतर तेही थांबलं. खोक्यावर, पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापला असेल, तर सगळी छपाई वाया!

डोमेन आपल्या नावावर असलं, तर कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. ब्लॉगरवर ते जोडायला वेगळे पैसे नाहीत, खर्च फक्त डोमेनचा. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतं. फक्त दुसरं कुणी वेबसाइट बनवून देत असेल, तर डोमेन तुमच्याच ईमेलवर घ्यायला लावा.

तळाची ओळ नंतरही निघेल. खोक्यावर छापलेला पत्ता बदलता येत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात!