मलकापूरहून व्हिएन्नाला

१८८६ साली संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. बोटीने, आठवडे मोजत. आज मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलीचा शोधनिबंध तिथल्या एखाद्या परिषदेत स्वीकारला गेला, तर प्रवास एका दिवसाचा; तयारी मात्र महिन्यांची.

पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निमंत्रणपत्र, खर्चाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, म्हणजे मुंबईची रात्रीची गाडी आलीच.

निबंध वाचण्याचा सराव घड्याळ लावून करावा, तोही विषय न कळणाऱ्या आत्या-मामांसमोर. त्यांनी विचारलेला साधा प्रश्नच परिषदेत हमखास येतो.

आईने बांधलेले पेढे आणि तुपाची बरणी मात्र घरीच राहू द्या. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि विमानतळावर ते टाकून देताना जीव हळहळतो.

परिषद संपली की लगेच परतू नये, असे मला मनापासून वाटते. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात एका कपावर तासन्‌तास वर्तमानपत्र वाचत बसता येते. कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो, कुणी उठवत नाही. स्टेट ऑपेरात उभ्याने पाहण्याची तिकिटे स्वस्त असतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शनिवारीच ब्रेड-फळे घेऊन ठेवावीत.