हिऱ्याचे पैलू आणि तेज : साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा निवडण्याचे शास्त्रीय निकष

प्रस्तावना :

साखरपुडा या विधीचे नावच सांगते की, मुळात त्याचे स्वरूप वधूला साखरेचा पुडा देऊन विवाह निश्चित करण्याचे होते. परस्परांच्या बोटांत अंगठी घालण्याची रीत त्यात पुढे मिसळली आणि अंगठीत एकच हिरा असावा ही अपेक्षा तर त्याहूनही अलीकडची आहे. युरोपात १४७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक मॅक्सिमिलियन याने बर्गंडीच्या मेरीला वाङ्‌निश्चयाप्रीत्यर्थ हिऱ्याची अंगठी दिल्याचा दाखला वारंवार दिला जातो. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने सहा आकड्यांवर हिरा उचलून धरणारी बैठक प्रचारात आणली. १९४७ मध्ये डी बिअर्स कंपनीच्या जाहिरातीसाठी फ्रान्सिस गेरेटी यांनी हिरा चिरंतन असल्याचे सांगणारे घोषवाक्य लिहिले आणि या प्रथेला जगभर प्रतिष्ठा मिळाली. आज महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबेही या अंगठीवर कित्येक महिन्यांची बचत खर्च करताना दिसतात.

ही खरेदी करताना साधारणपणे तीन प्रश्न विचारले जातात : हिरा किती सेंटचा आहे, त्याचा रंग कसा आहे आणि त्यात डाग आहे काय? हिरा कसा घडविला आहे, हा चौथा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. वास्तविक ज्या तेजासाठी हिरा घेतला जातो, ते तेज मुख्यतः या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हिऱ्याच्या पैलूकामामागील शास्त्र आणि त्याचा निवडीशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) हिऱ्याच्या तेजामागील प्रकाशशास्त्रीय तत्त्वे समजून घेणे.
२) पैलूकामाच्या प्रमाणांचा विकास व प्रतवारी यांचा परिचय करून घेणे.
३) वजन आणि तेज यांतील संघर्षाचे स्वरूप तपासणे.
४) सामान्य ग्राहकाला उपयोगी पडतील असे परीक्षेचे निकष मांडणे.

१. चार निकष आणि पैलूकामाचे स्थान :

हिऱ्याचे मूल्य वजन, रंग, निर्मळता आणि पैलूकाम या चार निकषांवर ठरते. वजन कॅरटमध्ये मोजतात. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि एक सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग. रंगाची प्रतवारी 'डी' या पूर्णतः रंगहीन श्रेणीपासून 'झेड'पर्यंत केली जाते. निर्मळता दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली पाहिली जाते.

यांपैकी रंग आणि निर्मळता या निसर्गाच्या देणग्या आहेत. पैलूकाम मात्र सर्वस्वी मानवी कौशल्याचा भाग आहे. प्राचीन भारतीय रत्नशास्त्रात हा निकष आजच्या अर्थाने नव्हता. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे, पण त्या परंपरेत नैसर्गिक अष्टफलक आकाराच्या, तीक्ष्ण धारांच्या अभंग हिऱ्याला श्रेष्ठ मानले गेले. जो निसर्गतः परिपूर्ण आहे त्याला घासून लहान का करावे, अशी ही दृष्टी होती. आधुनिक दृष्टी याच्या नेमकी उलट आहे. तेज मिळविण्यासाठी वजनाचा त्याग करावा लागतो, हे तिचे गृहीतक आहे.

२. हिऱ्याच्या तेजामागील प्रकाशशास्त्र :

हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे. साध्या काचेचा तो सुमारे १.५२ असतो. या फरकाचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, हिऱ्याच्या पृष्ठभागावर लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १७ टक्के प्रकाश तेथूनच परावर्तित होतो. काचेच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम ४ टक्के असते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. हिऱ्याचा क्रांतिक कोन अवघा २४.४ अंश आहे, तर काचेचा सुमारे ४१ अंश आहे. हिऱ्याच्या आतून एखाद्या पैलूवर २४.४ अंशांहून मोठा आपाती कोन करून येणारा किरण बाहेर पडू शकत नाही. त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. अर्थात पैलू योग्य कोनात पाडले असतील, तर वरून आत शिरलेला प्रकाश तळातून निसटत नाही. तो दोनदा परावर्तित होऊन पुन्हा वरच्या बाजूने, पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो.

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या गोल 'ब्रिलियंट' घाटात ५७ पैलू असतात आणि तळाचे टोक सपाट केल्यास ५८. माथ्यावरील मोठ्या सपाट पैलूला टेबल, वरच्या उतरत्या भागाला क्राऊन, कमरेच्या धारेला गर्डल आणि तळाच्या शंकूसारख्या भागाला पॅव्हिलियन म्हणतात. क्राऊनवर टेबलसह ३३ आणि पॅव्हिलियनवर २४ पैलू असतात.

पॅव्हिलियनचा कोन ४०.७५ अंश आहे असे मानू. टेबलमधून सरळ खाली आलेला किरण पहिल्या पैलूवर ४०.७५ अंशांचा आपाती कोन करतो. तो क्रांतिक कोनापेक्षा मोठा असल्याने किरण परावर्तित होऊन समोरच्या पैलूवर जातो. तेथे आपाती कोन ५७.७५ अंश होतो. पुन्हा परावर्तन होऊन किरण वर वळतो आणि लंबाशी १७ अंशांचा कोन करून टेबलखाली पोचतो. हा कोन क्रांतिक कोनापेक्षा लहान असल्याने तो सुखरूप बाहेर पडतो. बाहेर पडताना तो तिरपा होतो आणि त्यातील रंग विलग होतात.

आता हाच कोन ३८ अंशांवर आणला, तर किरण टेबलखाली २८ अंशांनी येतो. म्हणजे नेमका जेथून बाहेर पडावा तेथेच अडतो आणि पुन्हा आत वळतो. अशा उथळ हिऱ्यात टेबलखाली गर्डलचे पांढरट वलय माशाच्या डोळ्यासारखे दिसू लागते. उलट कोन ४५ अंशांपर्यंत वाढविला, तर समोरासमोरचे पैलू परस्परांना काटकोनात येतात आणि किरण ज्या दिशेने आला त्याच दिशेने परततो. पाहणाऱ्याचे डोके त्या दिशेचा प्रकाश अडवीत असल्याने हिऱ्याच्या मध्यभागी खिळ्याच्या माथ्यासारखा काळा ठिपका दिसतो. चार-पाच अंशांच्या फरकाने रत्न निस्तेज होते ते असे.

तेज या एका शब्दात तीन भिन्न गुण सामावले आहेत. परत येणाऱ्या पांढऱ्या प्रकाशामुळे हिऱ्याला उजळपणा येतो. अपस्करणामुळे सप्तरंगी ठिणग्या दिसतात. हिरा वा पाहणारा हलला असता उजेड-अंधाराचे ठिपके लुकलुकतात. उत्तम पैलूकामात या तिन्ही गुणांचा समतोल साधलेला असतो.

३. प्रमाणांचा शोध आणि प्रतवारी :

पैलूंच्या प्रमाणांना गणिती आधार देण्याचे श्रेय मार्सेल तोल्कोव्स्की यांच्याकडे जाते. हिऱ्यांच्या व्यवसायातील बेल्जियन कुटुंबात जन्मलेल्या या अभियंत्याने १९१९ मध्ये लंडन येथे 'डायमंड डिझाइन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या गणनेनुसार क्राऊनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हिलियनचा कोन ४०.७५ अंश आणि टेबलची रुंदी हिऱ्याच्या व्यासाच्या ५३ टक्के असावी. या गणनेत क्राऊनची उंची व्यासाच्या सुमारे १६.२ टक्के आणि पॅव्हिलियनची खोली ४३.१ टक्के येते.

तोल्कोव्स्कींची पद्धत द्विमितीय होती. संगणकाच्या साहाय्याने त्रिमितीय अभ्यास होऊ लागल्यावर असे दिसून आले की, आदर्श प्रमाणांचा एकच संच नाही. क्राऊनचा कोन थोडा वाढल्यास पॅव्हिलियनचा कोन थोडा कमी करून तोल साधता येतो. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका अर्थात जीआयए या संस्थेने संगणकीय प्रतिमानांना प्रत्यक्ष निरीक्षणांची जोड दिली. सुमारे २,३०० हिऱ्यांवरील ७०,००० हून अधिक निरीक्षणांच्या आधारे २००६ पासून तिने गोल ब्रिलियंट हिऱ्यांसाठी पैलूकामाची पाच श्रेणींची प्रतवारी सुरू केली. 'एक्सलंट'पासून 'पुअर'पर्यंतच्या या श्रेणी तेजाच्या तीन गुणांबरोबरच वजनाचे प्रमाण, टिकाऊपणा, झिलई आणि सममिती यांचाही विचार करतात. अमेरिकन जेम सोसायटीच्या प्रयोगशाळेची शून्य ते दहा अशी वेगळी श्रेणीपद्धती होती. २०२२ च्या अखेरीस ती प्रयोगशाळा बंद झाली, परंतु जुन्या प्रमाणपत्रांवर तिचे अंक आजही आढळतात.

४. वजन की तेज? :

हिऱ्याच्या इतिहासात या प्रश्नाची ठळक उदाहरणे आहेत. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात कोहिनूर मांडला गेला, तेव्हा भारतीय घाटाचा तो हिरा पाहून प्रेक्षकांची निराशा झाली. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि त्याचे वजन जुन्या मापाच्या सुमारे १८६ कॅरटवरून १०५.६ कॅरटवर आले. महाराष्ट्राशी निगडित उदाहरण 'नासक' हिऱ्याचे आहे. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाशी संबंध जोडला जाणारा हा हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. लंडनमध्ये मूळ आकार शक्यतो जपून त्याला पैलू पाडले गेले, तेव्हा ते सुमारे ८० कॅरटवर आले. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी त्याला चौकोनी 'एमराल्ड' घाट दिला, त्यानंतर ४३.३८ कॅरट उरले. तेजासाठी निम्म्याहून अधिक वजन खर्ची पडले.

हाच संघर्ष आजच्या बाजारातील लहानशा हिऱ्यातही दडलेला असतो. अर्धा कॅरट, एक कॅरट अशा टप्प्यांवर दर एकदम वाढतो. कच्च्या हिऱ्यातून सुयोग्य प्रमाणांचा ९२ सेंटचा हिरा निघत असेल, तर त्याचा गर्डल जाड ठेवून किंवा तळ खोल ठेवून तो १०० सेंटचा करण्याचा मोह होतो. जादा वजन मग वरून न दिसणाऱ्या भागात दडते. सुयोग्य प्रमाणांच्या एक कॅरटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.४ ते ६.५ मिलिमीटर असतो, तर खोल हिऱ्याचा ६.१ मिलिमीटरही असू शकतो. ६.५ ऐवजी ६.१ मिलिमीटर म्हणजे वरून दिसणारे क्षेत्र सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. याउलट उत्तम घडविलेल्या ९२ सेंटच्या हिऱ्याचा व्यास ६.३ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे कमी वजनाचा आणि कमी किमतीचा हिरा अधिक मोठा व अधिक तेजस्वी दिसू शकतो. या फरकाची जाणीव नसलेला ग्राहक न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजतो.

जगातील बहुसंख्य हिऱ्यांना सुरत परिसरात पैलू पडतात. तेथील कारागीर आणि यंत्रे सर्वोत्तम प्रतीचे काम करण्यास समर्थ आहेत. वजन राखावे की तेज, हा निर्णय मात्र बाजारातील मागणी घेते. ग्राहकाने वजनच विचारले, तर वजनच राखले जाते.

५. खरेदीच्या वेळी करावयाची परीक्षा :

अ) प्रमाणपत्र : गोल हिऱ्यासाठी पैलूकामाची श्रेणी सर्वोच्च असावी. त्याबरोबरच कोन व टक्केवारीही पाहावी, कारण एकाच श्रेणीत बरा आणि उत्कृष्ट असे दोन्ही हिरे सामावतात. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के, क्राऊनचा कोन ३४ ते ३५ अंश आणि पॅव्हिलियनचा कोन ४०.६ ते ४१ अंश या मर्यादा निवडीच्या प्रारंभासाठी उपयुक्त आहेत. मिलिमीटरमधील व्यास वजनाशी ताडून पाहावा.

आ) प्रकाश : दुकानातील प्रखर ठिपकेदार दिव्यांखाली सामान्य हिराही ठिणग्या उधळतो. म्हणून तोच हिरा ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात, खिडकीजवळ आणि किंचित सावलीत पाहावा. पसरट उजेडात उजळपणा कळतो, तर बिंदुरूप दिव्याखाली रंगांच्या ठिणग्या कळतात. दोन्ही ठिकाणी जो जिवंत वाटतो तो चांगला.

इ) तुलना : दोन-तीन हिरे शेजारी ठेवून हळूहळू तिरपे करावेत. मध्यभागी न हटणारा काळोख किंवा कडेला फिकट वलय दिसल्यास तो हिरा बाजूला ठेवावा.

ई) अन्य आकार : लंबगोल, बदाम वा चौकोनी हिऱ्यांना गोल हिऱ्याची प्रमाणे लागू पडत नाहीत. लंबगोल आकारात मध्यभागी आडवी काळी छाया पडते. ती किती गडद आहे, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

उ) प्रयोगशाळेतील हिरा : प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याचे प्रकाशीय गुणधर्म खाणीतील हिऱ्यासारखेच असतात, म्हणून पैलूकामाचे निकषही तेच राहतात. त्याचे मूळ मात्र प्रमाणपत्रावर व पावतीवर स्पष्ट नोंदविलेले असणे आवश्यक आहे.

अंदाजपत्रक मर्यादित असल्यास तडजोड रंगात वा निर्मळतेत एखाद्या श्रेणीने करावी. तो फरक अंगठीत बसविल्यावर नुसत्या डोळ्यांना सहसा जाणवत नाही. पैलूकामातील उणीव मात्र हातभर अंतरावरूनही दिसते.

६. कोंदण आणि निगा :

पारंपरिक दागिन्यांत सपाट हिऱ्यामागे चकचकीत वर्ख देऊन तो बंद कोंदणात बसवीत, कारण प्रकाश परतविण्याचे काम त्या वर्खालाच करावे लागे. सुयोग्य पैलूंचा हिरा हे काम स्वतः करतो. म्हणून त्याची बैठक खुली असणे श्रेयस्कर असते.

हिऱ्याच्या पृष्ठभागाला स्निग्ध पदार्थ सहज चिकटतात. खाणीतील खडीतून हिरे वेगळे काढण्यासाठी चरबी लावलेली फळी वापरण्याची पद्धत याच गुणावर आधारलेली होती. रोजच्या वापरात तेल वा साबणाचा थर तळाच्या पैलूंवर बसतो. तेलाच्या संपर्कात क्रांतिक कोन २४.४ वरून सुमारे ३७ अंशांवर जातो. परिणामी जो प्रकाश परतावयाचा तो तळातून निसटू लागतो आणि उत्तम हिराही मंद दिसतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी मागील बाजू नियमित स्वच्छ करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

निष्कर्ष :

१) हिऱ्याचे तेज मुख्यतः पैलूंच्या कोनांवर अवलंबून असते. रंग व निर्मळता यांचे स्थान त्यानंतरचे आहे.
२) वजनाचे टप्पे आणि त्यांवर वाढणारे दर यांमुळे तेजाचा बळी देऊन वजन राखण्याची प्रवृत्ती निर्माण होते.
३) प्रमाणपत्र ही परीक्षेची सुरुवात आहे. विविध उजेडांत केलेले प्रत्यक्ष निरीक्षण त्याला पर्याय नसून पूरक आहे.
४) ग्राहकाने घडणीविषयी प्रश्न विचारले, तर कारागिराच्या कौशल्याला योग्य मोल मिळते आणि कुटुंबाची कष्टाची बचत सार्थकी लागते.

सारांश, हिरा निसर्ग देतो, परंतु त्याचे तेज माणूस घडवितो. आयुष्याच्या सोबतीचे प्रतीक म्हणून बोटात घातली जाणारी अंगठी निवडताना या मानवी अंशाची पारख होणे अगत्याचे आहे.