पाकिटावरचं नाव खरं कशावरून?

तुमच्या बँकेच्या नावाने आलेला ईमेल खरोखर बँकेनेच पाठवलाय, हे जीमेलला कसं कळतं? जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ईमेल पोचवण्याचे नियम मांडले. त्यांत पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचंही नाव घाला, मेल निमूट पुढे जातो. आणि खरं सांगू? तो पाया आजही तोच आहे!

म्हणून फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना ओळख पटवण्याची सक्ती केली. व्यक्तिगत जीमेल खात्यांवर एका दिवसात पाच हजारांच्या घरात मेल गेले, की गूगलच्या लेखी तुम्ही घाऊक. तेही कायमचे.

पहिली तपासणी एसपीएफची. डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ पुढच्या नावाचा, मालक डीएनएस या इंटरनेटच्या उघड्या नोंदवहीत जाहीर करून ठेवतो, ‘आमचे मेल या सर्व्हरांवरूनच निघतात.’ पण तोच मेल कुणी आपोआप दुसऱ्या खात्यावर वळवला, तर तो भलत्याच सर्व्हरवरून येतो आणि एसपीएफ फसतं.

तिथे डीकेआयएम कामी येतं, आणि मी तर त्याच्या प्रेमातच आहे. पाठवणारा सर्व्हर मजकुराचं गणिती सार काढतो. मेल दोन ओळींचा असो की वीस पानांचा, सार नेहमी ४४ अक्षरांचं! त्यावर गुप्त किल्लीने सही होते आणि ती तपासायची जोडकिल्ली डीएनएसमध्ये सगळ्या जगासाठी उघडी असते. वाटेत रकमेतलं एक शून्य जरी कुणी वाढवलं, तरी सार पार बदलतं आणि लबाडी उघडी पडते. जीमेलमध्ये कोणत्याही मेलच्या तीन ठिपक्यांखालचं ‘शो ओरिजिनल’ दाबून बघा, हा सगळा पंचनामा तिथे दिसतो.

तरीही एक फट उरतेच. ईमेललाही टपालासारखं पाकीट असतं आणि आत पत्र. एसपीएफ तपासतं पाकिटावरचं नाव, आपण वाचतो पत्रातलं. मग चोराने पाकिटावर स्वतःचं खरं डोमेन आणि आत बँकेचं नाव लिहिलं तर? डीमार्क नेमकं हेच अडवतं. दिसणारं डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळलंच पाहिजे.

जाहिरातींच्या मेलना तर एका टिचकीत नाव काढून घ्यायची सोयही द्यावी लागते. त्यातली खुबी बघा. मेलमधले दुवे सुरक्षा तपासणारी यंत्रं स्वतःच उघडून पाहतात. नुसता दुवा उघडल्यावर नाव निघालं असतं, तर माणसाने बोटही न लावता तो यादीतून गायब! म्हणून नाव काढायला दुवा उघडणं पुरत नाही, ‘खरंच काढा’ असा वेगळा संदेश बटणामागून सर्व्हरकडे धाडावा लागतो. तो मिळाल्यावर दोन दिवसांत नाव काढलंच पाहिजे.

एवढं सगळं जुळलं, तरी शेवटचा कौल वाचणाऱ्याचाच. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं गूगल बजावतं. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलमागे तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं, की पाठवणारा धोक्याच्या रेषेवर.