परक्या अंगणातला डबा

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलँड शहराबाहेर बीव्हरक्रीक नावाचे गाव आहे. तिथल्या रस्त्याकडेच्या झाडीत ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. बादलीत पुस्तक, व्हिडिओ कॅसेट, गलोल असा किरकोळ माल होता आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबाही होता. त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले आणि ज्याला सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे, असे कळवले. तीन दिवसांच्या आत दोघे जण तिथे पोहोचलेसुद्धा. आदल्याच दिवशी अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली होती. त्यामुळे शंभरेक मीटरने चुकणारे हातातले यंत्र एकदम दहा-वीस मीटरपर्यंत नेमके झाले होते. त्या आनंदात हा उद्योग सुचला.

पुढे त्याला जिओकॅशिंग हे नाव पडले. आज जगभरात अशा सुमारे तीस लाख डब्या लपवलेल्या आहेत. कुठे जेवणाच्या डब्याएवढी पेटी असते, कुठे जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी, कुठे करंगळीच्या टोकाएवढी लोहचुंबकी नळी. आत एक कागद असतो. शोधणाऱ्याने त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. मिळायचे काहीच नाही. तरीही आईबाप मुलांना घेऊन रविवारी रानोमाळ हिंडतात. खेळ निरागस आहे, स्वस्त आहे, आणि घरातल्या मुलाला पडद्यासमोरून उठवणारा आहे. त्याच्याविषयी मला कौतुकच वाटते.

पण ज्याने बत्तीस वर्षे बँकेत कर्जाची प्रकरणे तपासली, त्याच्या मनात पहिला प्रश्न वेगळाच येतो. जमीन कोणाची?

डबी लपवणाऱ्याला ती खेळाच्या संकेतस्थळावर नोंदवावी लागते. तिथले स्वयंसेवक तपासनीस काही गोष्टी पाहतात. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवे, मालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणू नये, शाळेच्या किंवा रेल्वेच्या अगदी लगत डबी नको. (म्हणजे अर्धवट पुरलेली ती मूळ बादली आजच्या नियमात सहज बसली नसती.) आणि जागा खासगी असेल तर मालकाची परवानगी हवी. ही परवानगी घेतली की नाही, ते मात्र बहुतेक वेळा लपवणाऱ्याच्या शब्दावरच ठरते. तपासनीस दूर कुठेतरी बसलेला असतो, तो नकाशा पाहणार. अर्जावरच्या चौकटीत खूण करताना माणसाचा हात किती सहज चालतो, हे कुठल्याही बँकवाल्याला विचारा. ‘अटी वाचल्या व मान्य आहेत’ याखाली सही करणाऱ्या हजारो माणसांपैकी अटी वाचणारे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

यावर नेहमीचे उत्तर असे की, डबी केवढीशी, ती कोणाचे काय बिघडवते? जागा तर सगळ्यांना उघडीच आहे. अमेरिकेत मोठ्या दुकानांसमोर मोटारी लावायची मैदाने असतात. तिथल्या दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचा घागरा बसवलेला असतो. तो सैल असतो, वर उचलला की खाली पोकळ जागा. या घागऱ्याखाली ठेवलेल्या डब्या इतक्या झाल्या की खेळाडूच त्यांना कंटाळले. ते मैदान दुकानाच्या मालकाचे आहे, गिऱ्हाइकाने गाडी लावून खरेदी करावी म्हणून ते मोकळे ठेवले आहे, आणि त्या पत्र्याखाली विजेची जोडणी असते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

येण्याची परवानगी आणि ठेवण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाड्याने राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा शब्द पाठ असतो. त्यातले लायसन्स येते १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातून. दुसऱ्याच्या जमिनीवर एखादी गोष्ट करण्याची नुसती मुभा म्हणजे लायसन्स. त्याने जमिनीत हक्क निर्माण होत नाही, पण ते नसेल तर ती गोष्ट बेकायदा ठरते. ही मुभा तोंडी असू शकते, लेखी असू शकते आणि वागण्यावरून गृहीतही धरता येते. दूधवाला, पोस्टमन, दारी वर्गणी मागायला आलेली गणेशोत्सवाची पोरे, यांना आपण कधी लिहून दिलेले नसते.

पण गृहीत धरलेल्या मुभेलाही कुंपण असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फ्लोरिडातील एका प्रकरणात हे छान सांगितले. पोलीस अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा घेऊन एका घराच्या ओसरीवर गेले होते. प्रश्न झडतीचा होता, आपल्या खेळाचा नव्हे. पण न्यायालयाने पाहिले ते हे की, अनोळखी माणसाला दारापर्यंत येण्याची मुभा रूढीने असते ती किती? समोरच्या वाटेने यावे, दार ठोठवावे, थोडे थांबावे, कोणी बोलावले नाही तर निघून जावे. बिस्किटे विकायला दारोदार जाणाऱ्या शाळकरी मुलींनासुद्धा हे न शिकवता कळते, असा निकालाचा सूर होता. कुत्रा घेऊन हुंगत फिरणे त्या मुभेत बसत नाही. पाच विरुद्ध चार मतांनी पोलीस हरले. मग ओसरीच्या कठड्याखाली डबी चिकटवून निघून जाणे त्या मुभेत कसे बसावे?

मला यात सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या माणसाची, म्हणजे शोधायला येणाऱ्याची. लपवणाऱ्याला ठाऊक असते की आपण विचारले नाही. मालकाला काहीच ठाऊक नसते. आणि शोधणारा बिचारा चौकटीतल्या खुणेवर विसंबून येतो. संध्याकाळची वेळ, हातात फोन, परक्या कुंपणापाशी वाकून तो काहीतरी चाचपतो आहे, कोणी पाहिले की उगाच बुटाची नाडी बांधतो आहे. या खेळात लपूनछपूनच वागायचे असते, म्हणजे निरपराध माणसाने चोरासारखे दिसायचे. पडद्याआडून हे पाहणाऱ्या म्हाताऱ्या बाईने पोलिसांना बोलावले तर तिचे काय चुकले? बँकेत जामीनदाराची अशीच गत होताना पाहिली आहे. कागद दुसऱ्याचा, शब्द दुसऱ्याचा, आणि नोटीस याच्या पत्त्यावर.

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात वेदरबी नावाचे बाजाराचे गाव आहे. जुलै २०११ मध्ये तिथल्या एका कॅफेबाहेर एक माणूस संशयास्पद रीतीने एका डब्याशी काहीतरी करताना दिसला. पोलीस आले, रस्ता बंद झाला, लष्कराचे बॉम्बशोधक पथक आले आणि त्यांनी डबा उडवून दिला. तो होता या खेळातला साधा प्लॅस्टिकचा डबा. लंडनमधल्या बॉम्बस्फोटांना तेव्हा सहाच वर्षे झाली होती आणि त्या आत्मघातक्यांतले तिघे याच परगण्यातून गेलेले. तिथल्या लोकांना घाबरट म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

कबरस्तानांचा प्रश्न याहून नाजूक. साऊथ कॅरोलिना राज्यात दफनभूमी आणि पुरातत्त्वीय जागांवर डब्या ठेवायला बंदी करणारे विधेयक २००५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने मंजूर केले, वरिष्ठ सभागृहात ते अडले. सरसकट बंदी मला पटत नाही. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कबरीपाशी चार माणसे येऊन नाव वाचत असतील तर वाईट काय? पण ते मृताच्या नातलगांना विचारून व्हावे.

विचारल्यावर लोक नाहीच म्हणतात, असेही नाही. माझी भाची लीड्सजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना तिच्या मुलाने मला एका खेड्यातल्या चर्चच्या फाटकापाशी नेले. गावोगावच्या चर्चपाशी अशा हजारो डब्या आहेत. दगडी भिंतीलगत, वेलीमागे डबी होती. तिच्यावर हा खेळाचा डबा आहे असे स्वच्छ लिहिलेले, आत चर्चच्या परवानगीने ठेवल्याची चिठ्ठी. एक वयस्क बाई फुले घेऊन आत चालल्या होत्या. आम्ही दोघे भिंतीशी वाकलेले पाहून त्यांनी, आणखी डावीकडे, असे बोटाने दाखवले आणि पुढे गेल्या. मुलगा थोडा हिरमुसला, पण मला मात्र हायसे वाटले.

आपल्याकडे हा खेळ अजून मोजकाच आहे. वाढला तर एक गंमत होणार आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की, जमिनीत लपवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे. म्हणजे पुरलेल्या डबीत बारा रुपयांचे खेळणे सापडले तर कलेक्टर कचेरीत अर्ज. तो विनोद सोडून देऊ. पण आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात, बागेच्या कुंपणात, शेताच्या बांधावर ज्याला डबी ठेवायची असेल त्याने सेक्रेटरीला नाहीतर शेतकऱ्याला गाठावे, खेळ समजावून सांगावा आणि हो म्हणाल्यास दोन ओळी लिहून घ्याव्यात. वर डबीत त्याची एक प्रत ठेवावी, म्हणजे वॉचमनने हटकले तर शोधणाऱ्याच्या हातात काहीतरी असेल.

आणि तुमच्याच आवारात न विचारता ठेवलेली डबी सापडली तर? संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला मालकाने कळवले की ती नोंद बंद करता येते, नवे लोक यायचे थांबतात. डबी मात्र तिथेच राहते. लपवणारा तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो, त्याला खेळाचा कंटाळा आलेला असतो, आणि झाकणातून पाणी शिरून आतल्या नावांचा लगदा झालेला असतो. तो उचलून कचऱ्यात टाकायचे काम जमिनीच्या मालकाकडेच येते.