निवडणूक हरलेला नेता

कौंडण्यपूरहून आषाढी वारीसाठी रुक्मिणीमातेची पालखी निघते, तेव्हा आम्ही सारे गावकरी निरोपाला उभे असतो. पालखी सगळ्यांना दिसते. पुढच्या मुक्कामाला पाणी आहे का, जेवण कुठे, आजारी माणसाला कोण नेणार, हे पाहणारा मात्र कोणाला दिसत नाही. राजकीय पक्षातही अशी माणसे असतात. कॉम्रेड ए. बी. बर्धन हे त्यांतले एक.

बर्धन बंगाली घरातले. वडिलांच्या बदलीमुळे लहान वयात नागपूरला आले आणि विदर्भाचेच झाले. १९४० मध्ये ते विद्यार्थी फेडरेशनमध्ये गेले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या या तरुणाला नोकरी कठीण नव्हती. त्यांनी पक्षाचे पूर्णवेळ काम पत्करले.

१९५७ मध्ये ते नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. नंतर १९६७ आणि १९८० मध्ये लोकसभेला उभे राहिले, दोन्ही वेळा हरले. हे वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘सर, हरलेला माणूस मोठा कसा?’’ प्रश्न चांगला होता. उत्तर निकालाच्या आकड्यांत सापडत नाही, म्हणून हा लेख.

बर्धन यांचे खरे काम गिरणी कामगारांत आणि वीज कामगारांत झाले. संघटना भाषणाने उभी राहत नाही. एकेक सभासद नोंदवावा लागतो, वर्गणीचा हिशेब चोख ठेवावा लागतो, मागणीपत्र लिहावे लागते. संप कधी करायचा हे कळावे लागते, आणि कधी थांबवायचा हे त्याहून जास्त. कारण संप लांबला तर उपाशी राहतात ती कामगाराची मुले. याच कामातून ते ‘आयटक’चे सरचिटणीस झाले.

१९९६ मध्ये संयुक्त आघाडीचे सरकार आले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस इंद्रजित गुप्ता देशाचे गृहमंत्री झाले आणि पक्षाची धुरा बर्धन यांच्याकडे आली. २००४ मध्ये डाव्या पक्षांचे सुमारे ६० खासदार निवडून आले. त्यांनी मंत्रिपदे घेतली नाहीत. बाहेरून पाठिंबा दिला आणि बदल्यात किमान समान कार्यक्रम मागितला. २००५ चा रोजगार हमीचा केंद्रीय कायदा त्याच काळातला. खेड्यातल्या कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी त्याने दिली. महाराष्ट्राला ही कल्पना आधीपासून ठाऊक होती; आता ती देशभर गेली.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले, असे आम्ही म्हणणार नाही. मे २००४ मध्ये सरकारी कंपन्यांच्या विक्रीबद्दल ते कडक बोलले आणि त्या दिवसांत शेअर बाजार कोसळला. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला. सरकार टिकले, आणि पुढच्याच वर्षी डाव्यांचे खासदार २४ वर आले. तत्त्वासाठी पाठिंबा काढला हे खरे; पण सरकारला गरिबांच्या कामाला लावण्याची ताकदही त्याबरोबर गेली. रणनीती आखणाऱ्याला ही किंमत मोजावीच लागते.

२०१२ मध्ये त्यांनी सरचिटणीसपद सोडले. दिल्लीत ते पक्षाच्या अजय भवनातच एका खोलीत राहत. २ जानेवारी २०१६ रोजी, ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या अमरावतीलाही हा वारसा परका नाही. १९८९ मध्ये याच मतदारसंघाने सुदामकाका देशमुख या कम्युनिस्ट कार्यकर्त्याला लोकसभेत पाठवले होते.

आपल्या घरांत राजकारणाचा विषय निघाला की अब्बा म्हणतात, ‘‘बेटा, त्यात पडू नको.’’ त्यांची काळजी आम्हाला समजते. पण मोहल्ल्यातल्या विणकराची, विडी वळणाऱ्या बहिणीची, शेतमजुराची मजुरी ठरवताना आपल्याकडून बोलणारे कोणीच नसेल, तर ती दुसरेच कोणी ठरवतील. सगळ्यांनी पक्षात जावे असे नाही. बर्धन यांचा पक्ष पटावा असेही नाही. पण हिशेब चोख ठेवणारा, कायदा वाचणारा आणि दहा माणसांना एकत्र बसवू शकणारा एक मुलगा, एक मुलगी प्रत्येक वस्तीत तयार व्हावी.

त्या विद्यार्थ्याला आम्ही इतकेच सांगितले : ‘‘बेटा, निवडणूक त्यांची गेली. बांधलेली माणसे गेली नाहीत.’’